एक चाक थोरल्या आळीचं, एक धाकट्या आळीचं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. फार म्हणजे राजाराणीच्या काळाइतकी नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच हत्ती-घोड्यांची वाट पाहत बसाल. या गोष्टीत सायकली आहेत, आणि त्याही मोडक्या.

हुंबरणे नावाचं एक गाव होतं. अजूनही आहे. गावाच्या मधोमध मारुतीचं देऊळ आणि त्यापुढं पिंपळाचा पार. पाराच्या एका अंगाला थोरली आळी, दुसऱ्या अंगाला धाकटी. या दोन आळ्यांचं कधीतरी बिनसलं होतं. कशावरून, ते कुणालाच आठवत नव्हतं, पण बिनसलंय हे मात्र सगळ्यांच्या पक्कं ध्यानात होतं. थोरल्या आळीनं पंगतीत बुंदी वाढली की धाकटी आळी जिलबी वाढायची, आणि मग दोन्हीकडची पोरं दोन्हीकडं जेवून यायची.

गावाच्या मागं भगुण्याचा डोंगर. चुलीपाशी भगुणं उपडं घालावं तसा गोल, म्हणून भगुण्या. या डोंगराच्या पाठीला धनगरांची वस्ती आहे, तिला मागची वाडी म्हणतात. वाडीला जाणारी वाट डोंगराला बिलगून वळसा घेत जाते. जाताना उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला घळ, आणि वाट घळीकडं कललेली. बैलगाडी त्या वाटेला लागत नाही. चालणाऱ्याचा उजवा पाय वर पडतो, डावा खाली. म्हणून गावात म्हणायचे, "भगुण्याच्या वाटेला एक पाय लांब आन् एक आखूड पायजे." वाडीवरून तसंच पुढं गेलं तर वाट डोंगराची फेरी पुरी करून गावाच्या दुसऱ्या टोकाला निघते, पण तो फेरा लांबचा, म्हणून माणसं आल्या वाटेनंच परतायची. ही वाट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

या गावात रंगाक्का नावाची कासारीण होती. खांद्यावर बांगड्यांची मलार, म्हणजे दोरीत ओवलेली ही एवढी मोठी माळ, घेऊन ती गावोगाव फिरायची. दारात आली की आधी हसू आत यायचं, मग रंगाक्का. हात हातात घेतला की माप तिला न विचारता कळायचं. कितीही राठ हात असो, ती गप्पा मारत मारत अंगठा असा काही दुमडायची की बांगडी मनगटावर गेल्याचं बाईला नंतर कळायचं. तिनं भरलेली बांगडी कधी हातात वाढली नाही, असं म्हणतात. बांगडी फुटली असं आपल्याकडं बोलत नाहीत, वाढली म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

हुंबरण्याची एक रीत होती. पोरगी जन्मली की बारशाला तिच्या हातात पहिली बांगडी ज्या कासारणीनं घातली, तिनंच त्या पोरीच्या लग्नाचा हिरवा चुडा भरायचा. आणि तो भरायचा हळदीच्या दिवशी, हळद लागल्यावर, नवरीच्या दारात. हळद लागलेल्या पोरीनं वेस ओलांडायची नाही, तेव्हा कासारणीनंच जायचं. रंगाक्का अशी कितीतरी वर्षं जात आली होती. आसपासच्या साऱ्या तरण्या पोरींच्या हातातली पहिली बांगडी तिचीच होती.

मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. ताप कसला, भट्टीच होती. औषधपाणी झालं, अंगारे झाले, अखेर ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. कमरेखालचे पाय नुसते नावाला उरले. रंगाक्काला मूलबाळ नव्हतं, नवरा आधीच गेलेला. ती ओसरीवर मलार टांगून बसू लागली. बायका येऊन बांगड्या भरून जायच्या, जाताना भाजी-भाकरी ठेवून जायच्या. कुणी तिला काही कमी पडू दिलं नाही.

पण लग्नाच्या घरी जायचं कसं? पहिल्या लग्नाला थोरल्या आळीच्या गड्यांनी तिला बाजेवर बसवून नेली. चौघांचे चार उंचीचे खांदे. बाज हिंदकळली, मलार आपटली, आणि नवरीच्या दारात पोचेपर्यंत मूठभर बांगड्या वाढल्या. नवरीच्या आत्यानं तोंड वाकडं केलं. त्या दिवसानंतर कुणी उचलून न्यायला आलं की रंगाक्का हात जोडायची.

"मेल्यावर चार जण उचलणारच हायत," ती म्हणायची. "त्येच्या आधी घाई कशाला?"

लोक हसायचे, तीही हसायची. पण दार लावल्यावर ती हसत नव्हती.

मग थोरल्या आळीचे केरबा पाटील पारावर बसून म्हणाले, "रीत माणसासाठी असती. आक्कास्नी तरास नको. बाजारातला कासार आणू, त्यो भरंल चुडा." केरबा पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तिची दया आली होती, आणि तीच रंगाक्काच्या काळजाला लागली. तिच्या आयुष्यात तिला एकच गोष्ट करायची होती, पोरींच्या दारात जायचं, आणि सगळं गाव मोठ्या मायेनं तिला सांगत होतं की आता जाऊ नकोस.

त्याच सुमाराला मागच्या वाडीच्या सगुणाचं लग्न ठरलं. सगुणा म्हणजे वाऱ्यागत पोर, मेंढरांमागं डोंगर पालथा घालणारी. तिच्या बारशाची बांगडी रंगाक्काची. तिला कुणी सांगितलं की तुझा चुडा बाजारातला कासार भरणार, तशी ती बापाला म्हणाली, "रंगाक्का यील तवाच हात पुढं करीन. न्हाईतर मोकळ्या हातानं बोहल्यावर उभी ऱ्हाईन." आता मोकळ्या हाताची नवरी म्हणजे केवढा अपशकुन! बाप घाबरून डोंगर उतरला आणि पारावर येऊन बसला. पाटलांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "सगुणाच्या हळदीला आक्का पोचल्या तर रीत ऱ्हायली. न्हाई पोचल्या, तर फुडच्या लग्नापास्नं बाजारातला कासार."

रंगाक्काची ओसरी पारासमोरच होती. तिनं सगळं ऐकलं.

ओसरीच्या शेजारी दस्तगीर मिस्त्रीचं सायकलीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, आणि मागं भंगाराचा ढीग. वाकलेल्या रिंगा, गंजक्या चेनी, दांडी मोडलेले सांगाडे, घंट्यांच्या वाट्या. हुंबरण्यात सायकल मरायला टेकली की दस्तगीरच्या ढिगात येऊन पडायची. त्या दिवशी दस्तगीरनं एक सायकल उलटी करून सीट आणि हँडलावर उभी केली होती आणि पायडल हातानं गरागरा फिरवत होता. रंगाक्का बघत बसली होती. बघता बघता ती ताठ झाली.

"मिस्त्री, ती सायकल तुमी हातानं चालवताय."

"चालवतोय कुठं आक्का, तपासतोय."

"चाक फिरतंय न्हवं?"

"फिरतंय की."

"मग मला पाय कशाला पायजेत?"

दस्तगीरचा हात पायडलावरच थांबला. चाक मात्र फिरतच राहिलं. त्या क्षणी मागच्या ढिगातल्या सगळ्या घंट्या आपोआप वाजल्या, असं म्हणतात. मी म्हणेन, मांजर गेलं असेल. पण लोक म्हणतात ते सांगायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. दोन चाकांवर तोल धरायला पाय लागतात, तेव्हा चाकं तीन हवीत. पुढं एक, मागं दोन. पायडलं छातीच्या उंचीला, म्हणजे हातांनी फिरवता येतील, आणि तिथून चेन पुढच्या चाकाला. रंगाक्का ओसरीवर बसून सांगायची, दस्तगीर ढीग उपसायचा, आणि गावचा लोहार भाता पेटवून सांधे जोडायचा. पण ढिगातलं सामान अपुरं पडलं. एक चांगलं निघालं की दुसरं कुजकं.

ही बातमी गावात पसरली आणि मग घराघरातून माणसं येऊ लागली. ज्याच्या घरी जे मोडकं होतं ते घेऊन. कुणी चेन आणली, कुणी कॅरिअर. एकानं सीट आणली, म्हणाला, "ह्या सीटीवर बसून मी बायकू बघायला गेलतो. शुभ हाय." बायको मागून म्हणाली, "कुणासाठी, ते इचारा." एक म्हातारी विधवा नवऱ्याच्या सायकलीचं हँडल घेऊन आली. तिचा हात आता मोकळा होता, रंगाक्काला तिच्यासाठी काही करता येत नव्हतं. हँडल ओसरीवर ठेवून ती म्हणाली, "माझ्या हातात तुजं काई ऱ्हायलं न्हाई. तुज्या हातात तरी माजं असू दे."

चाकांच्या तारा आवळायची वेळ आली तेव्हा दस्तगीर एकेक तार चाचपत होता. रंगाक्का म्हणाली, "असं न्हाई, आयकून बघा." बांगडी घेताना कासारीण ती दुसरीवर हलकेच वाजवून बघते. चांगली किणकिणते, तडा गेलेली नुसती ठक करते. रंगाक्कानं हातातली बांगडी तारांवर फिरवली. एक तार किण, दुसरी किण, तिसरी ठक. "ही ढिली." दस्तगीरनं आवळली. पुढं सगळी चाकं दोघांनी तशीच लावली, तो आवळायचा आणि ती ऐकायची. ती चाकं पळताना गाणं म्हणायची, असं म्हणतात.

इथवर सगळं बरं चाललं होतं. घोटाळा झाला तो मागच्या दोन चाकांवरून.

थोरल्या आळीतून केरबा पाटलांनी स्वतःच्या सायकलीचं चाक पाठवलं. भलं मोठं, पाटलाला शोभेल असं. त्याच संध्याकाळी धाकट्या आळीच्या येसूकाकू लेकाच्या जुन्या सायकलीचं चाक घेऊन आल्या. चाक चांगलं होतं, पण लेक सायकल शिकला तेव्हाचं, चांगलं वीतभर लहान. पाटलांकडं दुसरं मोठं चाक होतं, येसूकाकूंकडं दुसरं लहान होतं. पण जोडी घ्यायची कुणाची? थोरल्या आळीची घेतली तर धाकटी रुसणार, धाकटीची घेतली तर थोरली. आणि कासारणीचा धर्म असा, की कुठल्याही दारातून दिलेलं परत करायचं नाही. दस्तगीर म्हणाला, "आक्का, गाडी लंगडी हुईल." रंगाक्का म्हणाली, "मग परत करते. कुणाचं करू, सांगा." दस्तगीरनं दोन्ही आळ्यांकडं एकेकदा बघितलं आणि पाना उचलला.

ओसरीवर बसून देवळाकडं तोंड केलं की थोरली आळी डाव्या हाताला येते आणि धाकटी उजव्या. म्हणून मोठं चाक डावीकडं बसलं, लहान उजवीकडं. कुणाला बोलायला जागा उरली नाही.

मग गाडी पारापुढं आणली. रंगाक्काला वर बसवलं. ती उजवीकडं अशी कलली होती की जणू कुणाच्या कानात काही सांगतेय. मलार दांडीला अडकवली. सगळं गाव जमलं. रंगाक्कानं मारुतीला हात जोडले आणि पायडल फिरवलं. गाडी निघाली! आणि निघाली ती थेट उजवीकडं. रंगाक्का हँडल डावीकडं ओढतेय, गाडी उजवीकडं जातेय. अशी ती पाराला वळसा घालून पुन्हा होती तिथं आली. तिनं पुन्हा जोर लावला, गाडी पुन्हा वळसा घालून आली. दोन-तीन म्हाताऱ्यांना वाटलं, आक्का नवस फेडतायत, त्यांनी हात जोडले. लहान चाक उजवीकडं होतं म्हणून प्रदक्षिणा तरी सुलटी झाली, नाहीतर मारुतीही कोपला असता.

आधी गाव हसलं. मग थोरली आळी म्हणाली, "लहान चाकानं घोळ केला." धाकटी आळी म्हणाली, "मोठ्या चाकाची मस्ती." शब्दाला शब्द लागला. थोरली म्हणे दोन्ही चाकं आमची लावा, धाकटी म्हणे आमची. दस्तगीरनं लहान चाकाला काथ्या गुंडाळून ते मोठं करून बघितलं, तो काथ्या पाराभोवतीच्या तिसऱ्या वळणाला सुटला आणि कुत्रं घेऊन पळालं. कुणीच कुणाचं ऐकेना. रंगाक्का गाडीवर तशीच तिरकी बसून होती. तिला उतरवून घ्यायचंही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर ती खूप रडली. सगुणाची हळद दुसऱ्या दिवसावर आली होती. ज्या गावानं एकेक तुकडा देऊन गाडी उभी केली, त्याच गावाच्या हट्टापायी ती गाडी पाराच्या पुढं जात नव्हती. कुणाचं चाक काढावं, हे तिला अजूनही सुचत नव्हतं. सकाळी ऊन ओसरीत आलं तेव्हा ती समोरच्या भगुण्याकडं बघत बसली होती. मनातल्या मनात ती त्या वाटेनं चालत होती, मलार खांद्यावर घेऊन, पूर्वी जायची तशी. वाटेच्या तोंडच्या बाभळीपासून सुरुवात. मग उजवा पाय वर, डावा खाली. उजवा वर, डावा खाली. डाव्या पायाची वहाण नेहमी आधी झिजायची...

आणि रंगाक्का ओसरीवरून अशी ओरडली की दस्तगीरच्या हातातला पाना पडला.

"मिस्त्री! भगुण्याच्या वाटेला काय लागतं?"

"एक पाय लांब आन् एक आखूड," दस्तगीर सवयीनं म्हणाला. मग त्यानं गाडीकडं बघितलं. मोठं चाक डावीकडं, घळीच्या अंगाला. लहान चाक उजवीकडं, डोंगराच्या अंगाला. "या अल्ला, आक्का," तो म्हणाला, "ही गाडी गावासाठी झालीच न्हाई. ही त्या वाटंसाठी झाली."

पाय गेले होते, पण पायांना वाट आठवत होती. असं हुंबरण्यात आजही म्हणतात.

मग उशीर केला नाही. बाभळीपर्यंत दस्तगीरनं गाडी ओढत नेली, कारण सपाटीवर ती अजूनही पाराकडंच वळू बघत होती. बाभळीपाशी वाट कलते. तिथं गाडी वाटेला लागली आणि सरळ झाली. रंगाक्का अगदी ताठ बसली, अंगणात पाटावर बसावं तशी. मलार दांडीला लोंबत होती, एक बांगडी हलत नव्हती. गाडी उजवीकडं ओढायची ती खोड होतीच, पण इथं उजवीकडं डोंगर होता. घळीकडं जायचं तिच्या मनातच येत नव्हतं.

"कुनी हात लावायचा न्हाई," रंगाक्का म्हणाली आणि हातांनी पायडल मारू लागली.

दस्तगीर पिशवी घेऊन मागं चालला. त्याच्या मागून थोरल्या आळीच्या बायका, आपलं चाक कसं चालतंय ते बघायला. त्यांच्या मागून येसूकाकू आणि धाकट्या आळीच्या बायका, आपलं चाक कसं चालतंय ते बघायला. एकमेकींशी कुणी बोलत नव्हतं. उन्हं चढली. रंगाक्काच्या तळहातांना फोड आले, फुटले, तिनं पदर फाडून हातांना बांधला. वाटेवरच्या बोरींनी आपल्या फांद्या मागं घेतल्या, असं म्हणतात. मुंगसं वाटेच्या कडेला उभी राहून बघत होती, असंही म्हणतात.

निम्म्याच्या पुढं एक चढ आहे, म्हशीचं वळण म्हणतात त्याला. तिथं खट्‌कन चेन तुटली. गाडी मागं घरंगळू लागली.

आता काय झालं ते नीट ऐका, कारण इथून प्रत्येक जण वेगळं सांगतो. थोरल्या आळीच्या बायका धावल्या आणि त्यांनी डावं चाक धरलं, कारण ते त्यांचं होतं. धाकट्या आळीच्या बायकांनी उजवं धरलं, कारण ते त्यांचं. गाडी थांबली. पण डावं चाक घळीच्या अंगाला होतं, आणि तिथल्या बायकांचे पाय घसरू लागले. तेव्हा येसूकाकूंनी एका हातानं आपलं चाक धरून दुसरा हात पाटलीणबाईंकडं लांब केला.

"धरा," येसूकाकू म्हणाल्या. "भांडाण उद्या करू."

पाटलीणबाईंनी हात धरला. दस्तगीर चेन सांधायला तार शोधत होता, पिशवीत तार नव्हती. रंगाक्कानं अंबाड्यातला आकडा उपसून त्याच्या पुढं टाकला. त्या आकड्यानं चेन सांधली. हे झालं दस्तगीरचं म्हणणं. बायकांचं म्हणणं असं, की चेन सांधलीच गेली नाही. रंगाक्काचे केस सुटले, तिनं "सगुणे, आले गं!" अशी हाक मारली, आणि चाकं आपली आपणच वर चढली. ज्या ज्या पोरींना तिनं पहिली बांगडी घातली होती, त्या जिथं कुठं नांदत होत्या तिथं त्या घटकेला त्यांचे हात भरून आले होते, असं म्हणतात. तुम्हाला यातलं जे आवडेल ते घ्या. मी दोन्ही घेतो.

वाडीवर सगुणा हळद लावून बसली होती. दुपार कलली होती. बाजारातल्या बांगड्या ताटात घेऊन मावशी समजूत घालत होती, बाप खांबाला टेकून उभा होता. पोरीनं दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. इतक्यात सनई थांबली, कारण सनईवाल्यालाच कसलीशी किणकिण ऐकू आली. मलार वाजत नव्हती, ती तर स्थिर होती. चाकांच्या तारा वाजत होत्या.

रंगाक्का मांडवाच्या तोंडाशी आली. केस मोकळे, हातांना चिंध्या, तोंडभर हसू. मलारीतली एकही बांगडी वाढली नव्हती. सगुणा उठायला गेली तशी आक्का ओरडली, "बस खाली! हळदीची हाईस. मी आले न्हवं?"

तिनं पोरीचा हात हातात घेतला. हिरवी बांगडी अंगठ्यावरून घातली. सगुणानं तिच्या फुटलेल्या तळहातांकडं बघितलं आणि तिचे डोळे वाहू लागले.

"आक्का, तुमचं हात बघा की काय झाल्यात..."

"रडू नगं. चालून चालून पायाला फोड येत्यातच," रंगाक्का म्हणाली. "आता ह्येच माझं पाय."

सगळा चुडा भरून झाला. परत जायची वेळ आली तेव्हा दस्तगीरनं डोक्याला हात लावला. आल्या वाटेनं परतायचं तर डोंगर डाव्या हाताला येणार, आणि गाडी रंगाक्काला घेऊन थेट घळीत उतरणार. रंगाक्का हसली. "मागं जातंय कोन?" म्हणाली आणि पुढं निघाली, लांबच्या फेऱ्यानं, डोंगर उजव्या हाताला ठेवूनच. अख्ख्या भगुण्याला प्रदक्षिणा घालून ती दिवे लागायच्या आत गावात आली. वेशीवर केरबा पाटील उभे होते. त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं आणि गाडी पुढं जाऊ दिली. रीत राहिली.

पुढं कितीतरी वर्षं रंगाक्का त्या गाडीवर फिरली. सपाटीवर उजवी ओढ कशी सांभाळायची, तेही तिला जमलं. कुणी म्हणतात, ती हळूच डाव्या बाजूला झुकून बसायची. कुणी म्हणतात, उजवीकडं जाऊ नको म्हणून ती गाडीला दटावायची. त्या गाडीत घरटी एकेक तुकडा होता, म्हणून तिला प्रत्येक घर माहीत होतं. कुणाच्या घरी पोर जन्मली की गाडी आपोआप त्या दारात थांबायची. आत अजून कुणाला मुलगा की मुलगी ते कळलेलं नसायचं, आणि बाहेर रंगाक्का पिटुकली बांगडी काढून तयार. असं म्हणतात.

दोन्ही आळ्यांचं भांडण मात्र मिटलं नाही. ते उद्यावर गेलं होतं, आणि रोज उद्यावरच जात राहिलं.

शेवटी रंगाक्का खूप म्हातारी झाली. एके सकाळी मलार दांडीला अडकवून ती भगुण्याच्या वाटेला लागली. संध्याकाळी गाडी फेरी पुरी करून परत आली, डोंगर उजव्या हाताला ठेवून, अगदी सरळ. सीटवर रंगाक्का नव्हती. मलार होती, आणि तिच्यातली एकही बांगडी वाढली नव्हती. गावानं डोंगर पिंजून काढला, वाडीनं घळ शोधली, काही सापडलं नाही. चार जणांना उचलायची संधी तिनं दिलीच नाही.

ती गाडी पुढं गंजली, झिजली, तिचे तुकडे घरोघर देव्हाऱ्यात नाहीतर माळ्यावर गेले. आता हुंबरण्यात मोटारसायकली झाल्या, सायकली कमी. पण मोडकी सायकल अजूनही कुणी भंगारवाल्याला देत नाही. आणि मागच्या वाडीला नवरीचा चुडा घेऊन जाणारी कासारीण, चालत असो की जीपनं खालपर्यंत आलेली असो, डोंगर उजव्या हाताला ठेवून जाते आणि फेरी पुरी करूनच परतते.

आणखी एक आहे. गावात कुणाचे पाय गेले, म्हातारपणानं, आजारानं, अपघातानं, तर हुंबरण्यात त्याला कुणी "आता बसून राहा" म्हणत नाही. सकाळी तो दार उघडतो तेव्हा उंबऱ्याबाहेर ढीग पडलेला असतो. कुणाची चेन, कुणाचं हँडल, कुणाची घंटी. कुणी ठेवलं ते विचारायचं नसतं, परत करायचं तर मुळीच नसतं. मग दोन्ही आळ्यांतली माणसं जमतात, तारा बांगडीनं वाजवून बघतात, आणि भांडत भांडत तीन चाकांची गाडी उभी करतात.

आणि चाकं लहानमोठी निघाली, तर हुंबरण्यात ती कुणी बदलत नाही. आधी त्या माणसाला विचारतात, "कुठं जायचंय?"